नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका महोत्सवाच्या फ्लेक्सवर कलाकारांची नावं ओळीने छापली होती. पाचव्या ओळीतल्या नावावर पांढरा कागद चिकटवून त्यावर मार्करने 'युवा कलाकार' असं लिहिलं होतं. ऊन पडलं की कागदाखालची मूळ अक्षरं पुसट दिसायची. पाच मुलांचा गट तो: हलगी, ढोलकी, दोन गिटार आणि एक गाणारा. त्यांच्या आजी-आजोबांच्या वस्तीला गावात जे जातीवरून पडलेलं नाव होतं, तेच त्यांनी गटासाठी घेतलं होतं. ते मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. कार्यक्रमाच्या तासभर आधी हलगीवाला मुलगा त्या फ्लेक्सपाशी उभा राहून अंगठ्याच्या नखाने कागदाची कड खरवडत होता. खळ पक्की बसली होती, कागद निघाला नाही. शेवटी निवेदकाने 'आपल्या भागातले युवा कलाकार' एवढंच म्हटलं आणि मुलं वाजवून गेली.

त्यानंतर दोन-तीन आठवडे वाद रंगला आणि तो फार वाईट पद्धतीने लढला गेला. एका बाजूचं म्हणणं, शब्द जातिवाचक आहे, सार्वजनिक मंचावर चालणार नाही, लोक दुखावतील, उद्या कोणी गुन्हा दाखल केला तर जबाबदार कोण? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कलावंताला हवं ते नाव घेऊ द्या, नावात काय एवढं? मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. शब्द आभाळातून पडला, त्याला ना मालक ना इतिहास, असं दोघांनीही गृहीत धरलं. माझं मत सरळ आहे. गाणाऱ्या गटाच्या नावाचा निवाडा शब्दकोश उघडून होत नाही. तो शब्द आजवर कोणाच्या अंगावर फेकला गेला आणि आज तो कोणी उचलून घेतला, हे पाहूनच तो करावा लागतो. मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. बारशाला आपण नाव ठेवतो, आणि पाठीमागे नावं ठेवतो. फरक एका अनुस्वाराचा, पण नाव ठेवणाऱ्याचा त्या पोराशी संबंध काय, हे त्या अनुस्वारातच कळतं.

हा वाद जगातल्या एका मोठ्या न्यायालयापर्यंत गेलेला आहे, तोही एका बँडच्याच नावावरून. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात सायमन टॅम या तरुणाने २००६ मध्ये आशियाई वंशाच्या वादकांचा एक बँड उभा केला आणि त्याला 'द स्लँट्स' असं नाव दिलं. स्लँट म्हणजे तिरपं. चिनी, जपानी, कोरियन चेहऱ्याच्या मुलांना शाळेच्या आवारात डोळ्यांवरून चिडवताना तिथे हाच शब्द वापरतात. चिडवणारी पोरं स्वतःच्या डोळ्यांचे कोपरे बोटांनी ताणून दाखवतात. टॅमचं म्हणणं होतं, जो शब्द आम्हाला खाली मान घालायला लावायचा, तोच आम्ही वर मान करून मिरवणार. त्याने नावाचा ट्रेडमार्क मागितला, तेव्हा सरकारी कार्यालयाने १९४६ च्या कायद्याचं कलम दाखवलं: एखाद्या समाजाला कमी लेखणाऱ्या चिन्हाची नोंदणी होणार नाही. टॅमने २०११ मध्ये पुन्हा अर्ज केला आणि त्यात आशियाई असण्याचा उल्लेखही ठेवला नाही. तेव्हा तपासनिसाने बँडचं संकेतस्थळ उघडून पाहिलं आणि नकारासाठी दाखले काढले: नावाशेजारी आशियाई बाईचं चित्र आहे, उगवत्या सूर्याची नक्षी आहे, ड्रॅगन आहे. स्लँट हा तसा उताराला, छपराला, एखाद्या दृष्टिकोनालाही वापरतात असा साधा शब्द. तो घेणारे आशियाई आहेत हे दिसल्यावर त्याची शिवी ठरली. ज्यांना त्या शब्दाने डिवचलं जायचं, त्यांनाच तो शब्द वापरायला बंदी झाली, आणि ही बंदी त्यांच्याच संरक्षणाच्या नावाखाली आली. आमच्याकडच्या पांढऱ्या कागदाची जात हीच होती.

१९ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅमच्या बाजूने निकाल दिला. निकालात भाग घेतलेल्या आठही न्यायमूर्तींचं त्यावर एकमत होतं. पण न्यायालयाने दिलेलं कारण मला अपुरं वाटतं. कोणी दुखावतं म्हणून सरकारने बोलण्यावर बंधन आणता येणार नाही, असं ते कारण होतं. नाव घेणारा कोण आणि ते कोणावर पडतं, हा प्रश्न त्यात सुटलाच नाही. आणि इथेच माझ्या विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा उभा राहतो. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या नावाचा खटलाही चालू होता. तिथल्या मूळ रहिवाशांना हिणवणारा 'रेडस्किन्स' हा शब्द तो संघ कित्येक दशकं वापरत होता. मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी १९९२ पासून त्याविरुद्ध लढा दिला होता आणि २०१४ मध्ये त्या नावाची नोंदणी रद्दही झाली होती. टॅमच्या निकालाने ती लढाई कायद्याच्या दृष्टीने संपवली. मग विरोधक विचारतात, एका बँडच्या हौसेपोटी दुसऱ्यांची शिवी अधिकृत झाली, हे तुम्हाला चालतं का?

चालत नाही. तो मुद्दा खरा आहे आणि 'नावात काय एवढं' म्हणणाऱ्यांकडे त्याला उत्तर नाही. पण त्यातून निघतं काय? पोर्टलंडच्या गिटारवाल्या पोरांनी घेतलेलं नाव आणि धनाढ्य संघमालकाने दुसऱ्यांच्या कातडीवरून ठेवलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो नियम दोघांना एकाच मापाने मोजतो, तो परवानगी देताना तरी चुकतो किंवा बंदी घालताना तरी. आधीच्या कायद्याने दोघांनाही अडवलं, नंतरच्या निकालाने दोघांनाही सोडलं. माणसांनी मात्र फरक ओळखला. जुलै २०२० मध्ये त्या संघाला नाव टाकावं लागलं, ते न्यायालयाच्या हुकमाने नव्हे. लोकांचा रेटा वाढला आणि प्रायोजकांनी हात आखडता घेतला म्हणून. 'द स्लँट्स'ने नाव बदलावं म्हणून मात्र कोणी रस्त्यावर उतरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात दुसरी एक गोष्ट घडली, आणि सभ्य शब्दांच्या आग्रहाने नेमकं काय होऊ शकतं ते तिच्यात दिसतं. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अमेरिका पेटली. नॅशव्हिलच्या 'लेडी अँटबेलम' या गोऱ्या कलाकारांच्या प्रसिद्ध गटाला आपल्या नावातली बोच जाणवली. अँटबेलम म्हणजे युद्धापूर्वीचा काळ. तिथल्या संदर्भात १८६१ ला यादवी युद्ध सुरू होण्याआधीचा, गुलामांच्या घामावर उभ्या राहिलेल्या दाक्षिणात्य वाड्यांचा. ११ जूनला त्यांनी जाहीर केलं की आता आम्ही फक्त 'लेडी ए'. हेतू चांगला होता, मी तो खोटा मानत नाही. पण सिएटलमध्ये अनिता व्हाइट ही कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीस वर्षांहून जास्त काळ 'लेडी ए' याच नावाने गात होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. बोलणी फिसकटली, जुलैमध्ये गटानेच तिच्याविरुद्ध न्यायालय गाठलं, सप्टेंबरमध्ये तिने उलट दावा ठोकला, आणि तडजोड व्हायला २०२२ साल उजाडलं. कृष्णवर्णीयांचा मान राखायचा म्हणून शब्द बदलला आणि त्या बदलाची किंमत एका कृष्णवर्णीय बाईकडूनच मागितली! शब्द स्वच्छ झाला, पण जिचा मान राखायचा तिचं नाव ओढून घेतलं गेलं. त्याच महिन्यात 'डिक्सी चिक्स' या तीन गायिकांच्या गटानेही दक्षिणेच्या जुन्या अभिमानाचा 'डिक्सी' हा शब्द टाकून नुसतं 'द चिक्स' घेतलं. पण न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकात दोन बहिणींची जोडी त्या नावाने गात असे, हे लक्षात घेऊन त्यांनी आधी त्या बहिणींची संमती घेतली आणि जाहीरपणे आभार मानले. दोन्ही गटांनी आपल्या नावातला दुखावणारा शब्द काढला. मग एक प्रकरण न्यायालयात का गेलं आणि दुसरं दोन ओळींच्या आभारात का मिटलं? शब्दकोशाकडे याचं उत्तर नाही. ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारलं का, एवढ्या प्रश्नात ते आहे.

आता आपल्याकडे येऊ. गुन्हा दाखल होईल, अशी भीती संयोजकांनी घातली. ॲट्रॉसिटीचा कायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या १९८९ च्या कायद्याचं तिसरं कलम त्यांनी एकदा तरी वाचायला हवं होतं. अनुसूचित जाती किंवा जमातीची नसलेली जी कोणी व्यक्ती, अशा शब्दांनीच ते सुरू होतं. म्हणजे बोलणारा कोण, हे कायदा आधी पाहतो. जातीचं नाव घेऊन दुसऱ्याला हिणवणं आणि स्वतःच्या आजीच्या वस्तीचं नाव स्वतःच्या गाण्याला देणं यातला भेद ज्या देशाच्या कायद्याला कळतो, त्या देशात महोत्सव समितीला तो कळू नये?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आला आणि त्याने मी काही दिवस अडखळलो होतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यायची होती. तो निर्णय योग्य होता, असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणतो. मग सरकारने जे पुसायला घेतलं तेच ही पोरं फ्लेक्सवर पुन्हा लिहिणार असतील, तर त्यांना पाठिंबा कसा द्यायचा? याचा विचार करताना मला वस्तीची पाटी आणि बँडचं नाव यातला फरक उलगडत गेला. वस्तीचं नाव गावाने लादलेलं असतं. ते रेशनकार्डावर येतं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर येतं, नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिताना हात थबकतो तिथे येतं. ते नको म्हणायची सोय नसते. गटाचं नाव पाच जणांनी चहाच्या टपरीवर बसून, भांडून, दोन नावं टाकून ठरवलेलं असतं, आणि उद्या पटलं नाही तर ते बदलू शकतात. पाटी काढणं आणि पोरांना त्यांचं नाव लिहू देणं ही दोन्ही कामं एकाच न्यायाची आहेत, कारण दोन्हींत शेवटचा शब्द त्या वस्तीतल्या माणसाचा राहतो.

'कलेला जात नसते, मग जात मध्ये आणता कशाला?' हा प्रश्न तर प्रत्येक बैठकीत आला. तो विचारणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे जरा नीट पाहावं. चौदाव्या शतकातल्या सोयराबाईंनी आपल्या अभंगांवर सही केली ती 'चोख्याची महारी' अशी. त्या सहीत आजच्या अर्थाचं बंड होतं, असा दावा मी करणार नाही; त्या काळावर आपला काळ लादणं बरं नव्हे. पण सातशे वर्षं वारकरी ते अभंग गात आले, आणि ती सही खरवडून तिथे 'एक भक्त' असं लिहावं, असं कोणाला सुचलं नाही. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना उभी केली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं अर्धं नाव उचललं आणि त्याला 'दलित' हा आपला शब्द जोडला. दळलेला, भरडलेला असा त्याचा अर्थ. त्याच्यापुढे पँथर येऊन उभा राहिला आणि त्या पिढीच्या कित्येक पोरांच्या तोंडी तो शब्द दयेचा राहिला नाही. १९७३ च्या जाहीरनाम्यात त्यांनी त्या शब्दात भूमिहीन, कष्टकरी, स्त्रिया यांनाही सामावून घेतलं. आणि मग २०१८ मध्ये काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना पाठवली की 'दलित' हा शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. अनुसूचित म्हणजे यादीत नाव असलेला. भरडला गेलो असं सांगणारा शब्द काढून यादीतला क्रमांक सांगणारा शब्द दिला, तर अपमान कमी होतो का? कोणी भरडलं, हा प्रश्न तेवढा गायब होतो.

चेन्नईच्या एका बँडने हे कोडं वेगळ्या वाटेने सोडवलं. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी एकोणीस कलाकार एकत्र आणले. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या घरी रात्रभर गायला जाणारा गाना हा प्रकार, त्याला रॅप आणि रॉकची जोड, आणि नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. जानेवारी २०१८ मध्ये किल्पॉकला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मराठीत कास्टलेस म्हणजे जातिविरहित. हा शब्द आपण सुस्थितीतल्या लोकांच्या तोंडून नेहमी ऐकतो: आम्ही जात मानत नाही, आम्हाला तर कळतही नाही कोण कोणत्या जातीचं. आडनावाने सगळी दारं उघडलेली असली की जात न मानणं सोपं जातं. पण या गटाने तो शब्द तिथून घेतलेला नाही. अयोत्तिदास पंडितर या बौद्ध विचारवंताने १९०७ मध्ये मद्रासमध्ये 'ओरु पैसा तमिळन' हे साप्ताहिक सुरू केलं. आपल्या लोकांसाठी 'जातिभेद नसलेले तमिळ' हे नाव वापरलं ते त्यांनी. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या माणसाने म्हणायचं की जात तुमच्याकडे आहे, आमच्याकडे ती कधी नव्हतीच! एकच शब्द आहे. एकाच्या तोंडी तो वारसा झाकतो, दुसऱ्याच्या तोंडी लादलेली नोंद फेटाळतो. आणि हे फेटाळणं किती जुनं दुखणं होतं ते एका वाद्यावरून कळेल. परै हे आपल्या हलगीसारखं चामड्याचं वाद्य. ते वाजवणारे म्हणून परैयर. आणि त्या जातीच्या नावावरून इंग्रजीत पारिया हा शब्द गेला, वाळीत टाकलेल्या कोणालाही लागू होणारा. वाद्याचं नाव जातीला चिकटलं, जातीचं नाव साऱ्या जगात शिवी झालं. हलगी वाजवणाऱ्या पोराला नावाचं एवढं का लागतं, असं विचारणाऱ्यांनी हा प्रवास ध्यानात घ्यावा.

आता ज्या गोष्टीने माझी बाजू खरोखर अवघड होते ती सांगतो. त्या पाच मुलांपैकी गाणाऱ्याच्या आजीला हे नाव मुळीच मान्य नाही. मी त्यांच्या घरी गेलो होतो. आजी पलंगावर बसून लसूण सोलत होत्या, आणि मान वर न करता त्या नातवाला म्हणाल्या, "ते नाव पाठीवरून उतरावं म्हणून आम्ही गाव सोडलं. तू ते पैसे देऊन छापून घेतलंस?" पोरगा म्हणाला, "आजी, तेव्हा ते लोक म्हणायचे, आता मी म्हणतोय." आजी म्हणाल्या, "ऐकणारा कान तोच आहे माझा." नाव मी इथे लिहिलं नाही ते आजींमुळे. आजींचं म्हणणं दुखावलेल्या भावनेचं आहे, असं म्हणून कोणी बाजूला सारू नये; तो युक्तिवाद आहे आणि तो पक्का आहे. नाव पोरांनी घेतलं असलं तरी ते पडतं आजींच्याही अंगावर. चळवळीतही हे मतभेद आहेत. 'दलित' हा शब्द नको, बौद्ध म्हणा, असं ठामपणे सांगणारे कार्यकर्ते मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि त्यांची कळकळ खरी आहे.

मग संयोजकांचं बरोबर ठरलं का? मला नाही वाटत. बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावं सालवार बघा: १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत', मग 'समता', १९३० ला 'जनता', आणि १९५६ मध्ये, धर्मांतराच्या वर्षी, 'प्रबुद्ध भारत'. ज्यांना वाळीत टाकलं होतं त्यांच्या पत्राच्या मथळ्यावर 'बहिष्कृत' हा शब्द ठसठशीत छापला, महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी तो मिरवला, आणि पुढे काळ आला तसा मागे ठेवला. १९२७ मध्ये एखाद्या सद्गृहस्थाने, हा शब्द तुम्हालाच कमीपणा आणतो, काढून टाका, असं म्हणून त्यावर कागद चिकटवला असता तर? तो शब्द टाकण्याचा दिवस ठरवायचा अधिकार त्या गृहस्थाकडे गेला असता. ज्याने शब्द उचलला त्यालाच तो खाली ठेवता येतो, आणि खाली ठेव असं बजावण्याचा हक्क त्याच शब्दाचा मार खाल्लेल्यांना आहे. आजींना तो आहे. संयोजकांना नाही, मलाही नाही, आणि पोरांच्या बाजूने हिरिरीने भांडलेल्या माझ्या मित्रांनाही नाही.

संयोजकांना करता येण्याजोगं एक साधं काम होतं. फ्लेक्स छापायला जाण्याआधी त्या पाच मुलांना बोलवायचं, नावाची गोष्ट विचारायची, आणि निवेदकाला ती मंचावरून दोन मिनिटं सांगू द्यायची. माहिती नसलेला प्रेक्षक दुखावेल ही भीती खरी होती, पण त्यावरचा इलाज माहिती देणं हाच होता. कागद चिकटवायला जितका वेळ लागला तितक्यात हे झालं असतं.

पोरांचा पुढचा कार्यक्रम येत्या महिन्यात आहे. नाव तेच ठेवायचं की बदलायचं, यावर पाच जणांत दोन तट पडलेत. गाणारा मुलगा दर रविवारी आजीकडे जातो. परवा आजींनी त्याला गावातल्या वस्तीबद्दल दोन तास सांगितलं, विहीर कुठे होती, पाणी वरून कसं ओतायचे, आजोबा लग्नात हलगी वाजवून पहाटे परत यायचे तेव्हा कोणत्या वाटेने यायचे. नावाबद्दल काही ठरलं नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "आधी गाणं ऐकव, मग बघू."